जर्मन भाषेची शिकवणी

परकी भाषा म्हणजे इंग्रजी, असे समीकरण आपल्या घराघरांतून अनेक पिढ्या रूढ होते. फ्रेंच, जर्मन किंवा रशियन शिकणारा एखादा विद्यार्थी आढळलाच, तर तो बहुधा पुण्या-मुंबईचा, आणि हौसेने शिकणारा असावयाचा. आता चित्र पालटले आहे. सोलापूरच्या एखाद्या परिचारिकेच्या घरी, इंदूरच्या यंत्रकारागिराच्या घरी, बेळगावच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर जर्मन भाषेची पुस्तके दिसू लागली आहेत, आणि ती हौसेखातर आणलेली नाहीत. जर्मनीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या अलीकडे सर्वांत मोठी झाली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांच्या वर होती. केरळ राज्याने २०२१ च्या डिसेंबरात परिचारिका पाठविण्यासंबंधी जर्मनीच्या रोजगार संस्थेशी करार केला. महाराष्ट्राने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगारांविषयी करार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो भाषेचा. आणि जर्मन शिकविणारे चांगले वर्ग तर मोठ्या शहरांतच असतात. जर्मन सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटची केंद्रे आपल्या देशात मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी पहिले १९५७ साली कलकत्त्यास निघाले. (ज्यांचे नाव या भवनांना दिले आहे, त्या मॅक्स म्युलरनी ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती सिद्ध केली, भारतात मात्र ते आयुष्यात एकदाही आले नाहीत.) पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, ज्याला सारे जण रानडे इन्स्टिट्यूट या नावानेच ओळखतात. परंतु नांदेडच्या किंवा भिलाईच्या कुटुंबाला याचा रोजचा उपयोग काय? मग घरात विचार निघतो तो शिकवणीचा. कोणी गावातच शिक्षक शोधतो, कोणी दूरध्वनीच्या पडद्यावर पुण्याच्या वा बंगलोरच्या शिक्षिकेकडे आठवड्यातून दोन-तीन तास शिकू लागतो.

वाचकहो, या शिकवणीत कुटुंबाचा बराच पैसा जातो, पुष्कळदा तो कर्जाऊ काढलेला असतो, आणि घरातील एका मुलीची वा मुलाची एक-दोन वर्षे त्यात गुंततात. म्हणून शिकवणीतून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, याचा आधीच विचार झालेला बरा. आमचे मत थोडक्यात असे आहे : शिकवणीच्या तासात शिक्षकापेक्षा विद्यार्थ्याने अधिक बोलले पाहिजे. वर्गात वीस-पंचवीस जण असतात, तेथे प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची दोन मिनिटे येतात. शिकवणीत आपण जे विकत घेतो ते नुसते ज्ञान नव्हे, कारण ते पुस्तकात आहेच. आपल्या चुकांकडे एका जाणत्या माणसाने अखंड तासभर द्यावयाचे लक्ष, हेच आपण तेथे विकत घेत असतो. शिक्षक तासभर व्याकरण समजावून सांगत आहे आणि विद्यार्थी मान डोलावून लिहून घेत आहे, असे दृश्य घरात दिसले, तर ती शिकवणी कितीही विद्वत्तापूर्ण असो, तिचा मोबदला मिळत नाही असे समजावे.

पूर्वीची शिकवणी आणि आजची

खाजगी रीतीने जर्मन शिकण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा ढाक्याच्या महाविद्यालयात इंटरमीजिएटला होते, तेव्हा त्यांनी जर्मन हा जादा विषय घेतला. महाविद्यालयात तो शिकविण्याची सोय नव्हती. व्हिएन्नाहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतलेले प्रा. नगेंद्रनाथ सेन यांच्याकडे ते खाजगी रीतीने ही भाषा शिकले. त्या शिकवणीचे फळ फार मोठे निघाले. पुढे कलकत्त्यास साहा आणि त्यांचे सहाध्यायी सत्येंद्रनाथ बोस या दोघांनी शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील डॉ. ब्र्यूल यांच्याकडून जर्मन ग्रंथ मिळवून नवे पदार्थविज्ञान आत्मसात केले, आणि आईन्स्टाईन व मिंकोव्हस्की यांच्या सापेक्षतावादावरील मूळ लेखांची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केली.

याच बोसांची पुढची हकीकत भाषांतराचे काम करणाऱ्या कोणालाही विचार करावयास लावणारी आहे. १९२४ साली त्यांनी आपला सुप्रसिद्ध लेख आईन्स्टाईनकडे पाठविला तो इंग्रजीत. त्याचे जर्मन भाषांतर करता येण्याइतके जर्मन आपल्याला येत नाही, असे त्यांनी सोबतच्या पत्रात मोकळेपणाने कळविले होते. अखेर ते भाषांतर स्वतः आईन्स्टाईननी केले आणि जर्मन नियतकालिकात छापविले. ज्याने आईन्स्टाईनला जर्मनमधून इंग्रजीत आणले, त्याला चार वर्षांनंतरही इंग्रजीतून जर्मनमध्ये जाणे अवघड वाटत होते! भाषा वाचता येणे आणि ती बोलता-लिहिता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

जे प्रत्यक्ष जर्मनीत गेले, त्यांची गोष्ट वेगळी. राममनोहर लोहिया १९२९ साली बर्लिनला गेले आणि प्रा. वेर्नर झोंबार्ट यांना भेटून इंग्रजीत बोलू लागले. प्राध्यापकांनी आपल्याला इंग्रजी येत नाही असे सांगताच लोहिया 'तीन महिन्यांनी येतो' म्हणून परतले, आणि तीन महिन्यांनी खरोखरच जर्मन बोलत हजर झाले, असे सांगतात. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आल्या. डॉ. रा. ना. दांडेकर यांनी १९३८ साली हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळविली. परंतु ही मंडळी अहोरात्र जर्मन बोलणाऱ्या लोकांत राहत होती. लोहियांचे तीन महिने ऐकून आपल्या मुलाला तीन महिन्यांची मुदत देणाऱ्या पालकांनी हा फरक विसरू नये.

आज जी मुलगी परिचारिका म्हणून जावयाची आहे, तिला वैज्ञानिक ग्रंथ वाचावयाचे नसतात. 'वो टूट एस वे?', म्हणजे 'कुठे दुखते?', असे तिने विचारले, की दातांची कवळी काढून ठेवलेले ऐंशी वर्षांचे आजोबा जे पुटपुटतील ते तिला समजले पाहिजे. पाळी बदलताना दहा रुग्णांची हकीकत पुढच्या परिचारिकेला न अडखळता सांगता आली पाहिजे. साहांच्या काळातील शिकवणीत पुस्तक मध्ये ठेवून गुरू-शिष्य वाचीत बसत. आज त्याच पद्धतीने शिकविणारा शिक्षक कितीही थोर असला, तरी या मुलीच्या कामाचा नाही.

तासांचा हिशेब

युरोपात २००१ पासून भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२ अशी त्यांची नावे. पतीकडे वा पत्नीकडे कायमचे राहावयास जाणाऱ्या जोडीदाराला २००७ पासून साधारणपणे ए-१ चा दाखला द्यावा लागतो. काही प्रकारच्या परवान्यांवर गेलेल्यांच्या जोडीदारांना यातून सूट आहे, तेव्हा दूतावासाचे ताजे नियम आधी पाहावेत. कारखान्यात वा रुग्णालयात उमेदवारीचे शिक्षण घेण्यासाठी सामान्यतः बी-१ आणि परिचारिकेच्या पूर्ण नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी बी-२ मागतात.

आता हिशेब करू. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे ए-१ ला ८० ते २०० पाठ लागतात, बी-१ पर्यंत एकूण ३५० ते ६५०, आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८००. एक पाठ ४५ मिनिटांचा. म्हणजे बी-२ ला अगदी कमीत कमी धरले तरी ४५० तास झाले. आठवड्यातून दोन तास शिकवणी ठेवली, तर हे तास भरावयास २२५ आठवडे, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागेल! उलट कोणी 'तीन महिन्यांत बी-२' अशी जाहिरात केली, तर एकही सुट्टी न घेता रोज पाच तास शिकविणे आले. आणि तेही सर्वांत हुशार विद्यार्थ्याचा हिशेब धरून. जाहिरात वाचताना हा भागाकार एकदा कागदावर करून पाहावा, म्हणजे मध्यस्थाशी वाद घालावा लागत नाही.

मग दोन तासांची शिकवणी ठेवणाऱ्याने काय करावे? शिकवणीच्या प्रत्येक तासामागे घरी किमान तीन तास स्वतः अभ्यास करावा, आणि जे एकट्याने करता येते ते शिकवणीत करू नये. शब्द पाठ करणे, धडा वाचणे, रिकाम्या जागा भरणे यांना शिक्षक लागत नाही. ऐकण्याचा सरावही घरी होऊ शकतो. जर्मनीची डॉइचे वेले ही प्रसारण संस्था 'निकोस वेग' नावाचा चित्रफितींचा पाठ्यक्रम विनामूल्य देते, आणि सावकाश वाचलेल्या बातम्याही ऐकविते. भाजी निवडताना, इस्त्री करताना त्या चालू ठेवता येतात. अशा रीतीने कान घरी तयार करावा आणि तोंड शिकवणीत उघडावे.

मराठीचा उपयोग

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या मार्फत शिकवितात. पुस्तकात अर्थ इंग्रजीत, शिक्षकाचे स्पष्टीकरण इंग्रजीत. वास्तविक जर्मन भाषेच्या पुष्कळ सवयी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत, आणि मराठी घरातील मूल जर त्या इंग्रजीच्या वाटेने शिकू लागले, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागल्यासारखे होते.

लिंगांचेच पाहा. इंग्रजी बोलणाऱ्याला डेअर, डी, डास या तीन उपपदांची धास्ती वाटते, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नाही. आपल्याला तो, ती, ते यांची सवय जन्मापासून आहे. जर्मन जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी असते. हे ऐकून आपण हसत नाही, नुसते लक्षात ठेवतो. मुलगी या अर्थाचा 'मेट्शेन' हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, यावर इंग्रज विद्यार्थी नेहमी थट्टा करतात. पण आपल्याकडे वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू हे सारे 'ते' च ना? लहानपणा दाखविणारा 'रू' जसा मराठीत नपुंसकलिंग घेऊन येतो, तसाच जर्मनमध्ये 'शेन' हा प्रत्यय घेऊन येतो. मांजर या अर्थाचा 'काट्से' स्त्रीलिंगी, पण तिचे पिलू 'केट्सशेन' नपुंसकलिंगी. हे एका वाक्यात सांगणारा शिक्षक मिळाला, तर नियमाची निम्मी भीती जाते.

वाक्यरचनेतही हेच. 'वाइल इश डॉइच लेर्ने' या जर्मन वाक्यांशाचे शब्द क्रमाने ठेवले, तर 'कारण मी जर्मन शिकतो' असे सरळ मराठी होते. एकही शब्द हलवावा लागत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकावयाचे, हा जो नियम इंग्रजी पुस्तके पानेच्या पाने समजावून सांगतात, तो आपल्या अंगवळणी पडलेलाच असतो. थंडी वाजते तेव्हा जर्मन माणूस 'मीअर इस्ट काल्ट' म्हणतो. त्यातले 'मीअर' म्हणजे 'मला'. आपण म्हणतो, 'मला थंडी वाजते.' इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी 'इश बिन काल्ट' म्हणून मोकळा होतो, आणि त्याचा अर्थ 'माझा स्वभाव थंड आहे' असा भलताच निघतो. 'मला आवडते' याचीही जर्मन घडण अशीच 'मीअर' घेऊन येते.

अंकांची गोष्ट तर मौजेची आहे. पंचविसाला जर्मन माणूस 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश', म्हणजे पाच आणि वीस, असे म्हणतो. इंग्रजीची सवय झालेला माणूस ऐकताना आधी पाच लिहून बसतो व घोटाळा होतो. आपण पंचवीस म्हणतो आणि दोनावर पाच लिहितो, पहिलीच्या वर्गापासून. (एकोणतीस, एकोणचाळीस हे आपले खास अपवाद तेवढे बाजूला ठेवावेत.) आणि या शब्दातला 'त्स' हा उच्चार? 'चाक', 'चमचा' यांतला च म्हणून पाहा, तो हाच आहे. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो.

अर्थात मराठी सर्वत्र साहाय्य करीत नाही. कोठे कोठे ती पायातही येते. 'मी रामाला पाहतो' आणि 'मी रामाला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत आपला 'ला' एकच. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी द्वितीया आणि दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, आणि दोन्हींची उपपदे निराळी : 'डेन मान' आणि 'डेम मान'. मराठी विद्यार्थी या दोन विभक्तींत वर्षानुवर्षे घोटाळतो, आणि हा घोटाळा कोठून येतो हे मराठी न जाणणाऱ्या शिक्षकाच्या ध्यानातच येत नाही. शब्दांची लिंगेही मराठीवरून ठरवू नयेत : जर्मन भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्याच जागी लागते, आणि तेथे मराठी सवयीने ते शेवटी गेले की वाक्य फसते. 'युमलाउट' या दोन टिंबांच्या स्वरांना तर मराठीत जोडच नाही. ई म्हणता म्हणता ओठांचा चंबू ऊसारखा करावा, म्हणजे त्यांतला एक साधतो. ए म्हणता म्हणता ओठ ओसारखे गोल करावेत, म्हणजे दुसरा. हे डोळ्यांनी पाहून शिकावयाचे आहे. म्हणून पडद्यावरून शिकवणी घेत असाल, तर एकमेकांची तोंडे स्वच्छ दिसतील एवढा उजेड खोलीत असू द्यावा.

यास्तव आमची सूचना अशी, की होता होईतो आपली मातृभाषा जाणणारा शिक्षक पाहावा. व्याकरणाचा अडलेला मुद्दा त्याने मराठीत दोन वाक्यांत सोडवावा, आणि उरलेला वेळ जर्मनमध्ये बोलून घ्यावे. हैदराबादच्या तेलुगू घराला किंवा कोट्टायमच्या मल्याळी घराला हेच त्यांच्या भाषेच्या बाबतीत लागू आहे, जरी साम्याच्या जागा निराळ्या असतील. एक मात्र लक्षात ठेवावे. या लेखात जर्मन शब्द नागरी लिपीत छापले आहेत ते वाचकांच्या सोयीसाठी. विद्यार्थ्याच्या वहीत ते तसे लिहू देऊ नयेत. लिपीची कुबडी पहिल्या आठवड्यातच टाकलेली बरी. चाकणला ज्या मोटारगाडीचा कारखाना आहे, तिचे नाव आपण सारे 'व्होक्सवॅगन' असे वाचतो, आणि जर्मन मनुष्य 'फोल्क्सवागन' म्हणतो. अक्षरांची ही देवघेव कानाने व डोळ्याने एकदमच शिकली पाहिजे.

शिक्षक कसा पारखावा

शिक्षक म्हणताना येथे शिक्षिकाही समजाव्यात. त्यांनी स्वतः कोणती परीक्षा केव्हा दिली, हे विचारण्यात अनादर नाही. बी-१ पर्यंत शिकविणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान निदान सी-१ पर्यंतचे असावे. नुकतीच बी-१ झालेली शेजारची मुलगी ए-१ च्या विद्यार्थ्याला सराव देऊ शकेल, पण तिच्यावर सगळा भार टाकणे दोघींनाही अन्यायाचे आहे. वर्षाचे शुल्क एकदम मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा आणि महिन्याचे महिन्याला द्यावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. शिकविणाराच नोकरी, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांचीही हमी देऊ लागला, तर त्याचा मुख्य धंदा शिकविण्याचा नाही हे ओळखावे.

पहिल्या एक-दोन तासांना घरातील वडील माणसाने शेजारच्या खोलीत बसून नुसते ऐकावे. जर्मन समजण्याची गरज नाही. कोणाचा आवाज अधिक वेळ ऐकू येतो, एवढेच पाहावयाचे. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला आदल्या दिवशीची हकीकत सांगावयास लावतो, मध्येच तोडीत नाही, चुका कागदावर टिपतो, आणि बोलणे संपल्यावर त्यांतल्या दोन-तीनच घेऊन त्या नीट करवून घेतो. वीस चुका एकदम दाखविल्या तर मूल पुढच्या खेपेस तोंडच उघडणार नाही. निबंध तपासून परत देतो तो नुसत्या लाल रेघा ओढून नव्हे. दुरुस्त केलेला मजकूर पुन्हा लिहून आणावयास सांगतो. आणि केव्हा केव्हा गप्प बसतो. विद्यार्थी शब्द शोधीत असताना ती पाच-दहा सेकंदांची शांतता सहन करणे हे शिक्षकाला फार जड जाते, पण जर्मनीत रुग्णाच्या उशाशी उभे असताना शब्द पुरविणारे कोणी नसते.

शिक्षकाला कसे संबोधावे हाही पाठच आहे. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' प्रमाणे जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' आहेत. रुग्ण, अधिकारी, अनोळखी शेजारी यांना 'झी' च म्हणावयाचे. पुष्कळ शिकवण्यांत पहिल्या दिवसापासून सलगीने 'डू' चालते आणि विद्यार्थ्याला 'झी' ची क्रियापदे जिभेवर बसत नाहीत. ज्यांना कामासाठी जावयाचे आहे, त्यांनी शिक्षकाशी 'झी' नेच बोलावे. गुरूला अहो-जाहो करणे आपल्या मुलांना जड जाऊ नये.

परीक्षा आणि पुढे

शिकवणीच्या शिक्षकाने दिलेल्या दाखल्याला दूतावासात किंमत नाही. ग्योटे इन्स्टिट्यूट, टेल्क, ओएसडी यांसारख्या मान्य संस्थांची परीक्षा द्यावीच लागते. बी-१ आणि बी-२ या परीक्षांचे वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार भाग असून ग्योटेच्या परीक्षेत प्रत्येकात १०० पैकी ६० गुण हवेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, हे पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते आणि ती उगाच सर्व शुल्क पुन्हा भरण्याच्या धास्तीत असतात.

ए-१ च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यावी लागते, आणि नावाची अक्षरे सुटी करून सांगावयास लावतात. जाधव आडनावाच्या मुलीला 'योट, आ, डे, हा, आ, फाउ' हे झोपेतून उठविले तरी म्हणता आले पाहिजे. बी-१ आणि बी-२ ची तोंडी परीक्षा सहसा दोन उमेदवारांची एकत्र होते. दोघांनी मिळून बी-१ ला एखादा बेत आखावयाचा असतो, बी-२ ला एखाद्या प्रश्नाची चर्चा करावयाची असते. इथे एकट्याच्या शिकवणीतील उणीव उघडी पडते. वर्षभर ज्याने फक्त सहनशील शिक्षकाशीच संभाषण केले आहे, त्याला अडखळणारा, चुकीचे बोलणारा, किंवा मध्येच घुसून आपलेच म्हणणे रेटणारा जोडीदार भेटला की तो गोंधळतो. म्हणून शेवटचे दोन-तीन महिने तरी दोन विद्यार्थ्यांनी मिळून शिकवणी घ्यावी. शिक्षकाकडे त्याच पायरीवरचा दुसरा विद्यार्थी असतोच. शुल्कही बहुधा वाटले जाते.

दाखला हाती आला की शिकवणी बंद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. व्हिसा मिळेपर्यंत मग काही महिने जातात आणि तेवढ्यात अर्धी भाषा विसरते. या काळात आठवड्याला एक तास चालू ठेवावा, आणि शिक्षकाला परीक्षेचे पुस्तक मिटावयास सांगावे. घरभाड्याचा करारनामा, पगाराची पावती, आरोग्यविम्याचे पत्र यांची खरी भाषा या तासांत वाचावी. जेथे जावयाचे तेथील बोलीही थोडी ऐकावी. बाडेन-व्युर्टेंबर्गला निघालेली मुलगी पुस्तकातले 'गूटेन टाग' पाठ करून जाते आणि स्टुटगार्टच्या पावाच्या दुकानात तिला 'ग्र्यूस गॉट' ऐकू येते. त्या भागातील श्वाबी बोलीत लहानपणा दाखविणारा 'शेन' जाऊन 'ले' येतो, आणि घराला तेथे लोक 'हॉइसले' म्हणतात. लिंग मात्र तेच राहते, नपुंसक.